भोयरभाऊंचे न पेटलेले पाइप

आमचे शेजारी सुधाकरराव भोयर यांच्या तोंडात दिवसभर पाइप असतो, आणि तो कधीच पेटलेला नसतो. पाइप म्हणजे तंबाखू ओढायचा, वाकड्या मानेचा, जुन्या काळी साहेब लोक ओढत तो. आम्ही रायपूरच्या समता कॉलोनीत राहायला आलो त्या दिवशी भोयरभाऊ फाटकाशी उभे राहून आमचं सामान उतरताना पाहत होते. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पाइप, उजव्या कोपऱ्यातून सूचना. ट्रकवाल्यानं आमचं कपाट खाली ठेवलं, घाम पुसला आणि अदबीनं खिशातली माचिस त्यांच्यापुढे केली. भाऊ एकदम मागे सरकले.

"काहून? मी काय इंजिन आहो काय?"

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलं, "भाऊ, ओढायचा नाही तर तोंडात कशाला ठेवायचा?"

"तुमी चष्मा लावता, लांजेवार. डोळ्यातून धूर काढता काय?"

या उत्तरात कुठेतरी खोट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, अजूनही कळतं. ती नेमकी कुठे आहे हे मात्र सापडलेलं नाही.

मी सरकारी लेखा विभागात आहे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर मला जेवण गोड लागत नाही. एका माणसाकडे भिंतभर पाइप, आणि त्यातला एकही तो ओढत नाही, म्हणजे जमा आहे पण खर्चाची बाजू कोरी. अशी कोरी बाजू दिसली की आमच्या खात्यात फाइल पुढे सरकवत नाहीत. माझ्या मनातही भाऊंची फाइल बरीच वर्षं अडकून पडली होती.

भाऊ रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन आता बराच काळ लोटला. एकुलती मुलगी मीनल लग्न होऊन हैदराबादला. घरात भाऊ एकटे, म्हणजे तसं आपण म्हणायचं. त्यांना विचाराल तर घर भरलेलं आहे. पुढच्या खोलीत सागवानी शेल्फ, त्यावर ओळीनं पाइप. कुठल्याशा समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळीच्या गाठीतून कोरलेले तपकिरी. पांढऱ्या हलक्या दगडाचे, वापरून वापरून मधासारखे पिवळे झालेले. एक तर मक्याच्या कणसातल्या दांडक्याचा. कुणाखाली नाव नाही, चिठ्ठी नाही. मी एकदा सुचवलं की नावाच्या पट्ट्या लावा, मी छान छापून आणतो.

"माणसाले पट्टी लावता काय? तुमच्या घरी वैनीच्या कपाळावर लावली आहे काय नावाची?"

यात 'माणसाले' हा शब्द महत्त्वाचा. भाऊ पाइप जमवत नाहीत, पाइपांची माणसं जमवतात. त्यामुळेच ते बहुतेक जुने पाइप घेतात, आणि घेण्याचा त्यांचा एकच नियम आहे: "पैले माणूस सांगा, मंग भाव." पाइप कुणाचा होता आणि तो माणूस कसा होता हे विकणाऱ्यानं सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर वस्तू कितीही चांगली असो, भाऊ तिला हात लावत नाहीत. हा नियम ऐकून रायपूरमधल्या निम्म्या कबाड्यांनी त्यांना वेड्यात काढलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांनी मेलेल्या साहेबांच्या गोष्टी रचायला सुरुवात केली आहे. पण रचलेली गोष्ट भाऊंकडे चालत नाही. पाइपावरून त्यांना माणूस कळतो. उजव्या हातानं काडी लावणाऱ्याचा काठ एका बाजूनं जळतो, डावऱ्याचा दुसऱ्या बाजूनं. चिडखोर माणूस नळी चावतो, तिच्यावर दातांचे खड्डे पडतात. विसराळू माणसाचा पाइप आतून अर्धवटच जळलेला असतो, कारण त्याला मध्येच काहीतरी आठवतं.

एकदा मी पडद्यांचं कापड घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात निघालो, भाऊ सोबत आले. दुकानदारानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ऐसा तो हमारे यहाँ भी पड़ा है." गल्ल्याखालच्या ड्रॉवरमधून त्यानं एक काळपट पाइप काढला. "क्या दोगे, अंकल?"

"दाम बाद में. पहले आदमी बताओ."

"कौन-सा आदमी?"

"जिसका था."

"हमारे बाबूजी का था. बड़े कड़क आदमी थे. पूरा बाज़ार काँपता था उनसे."

भाऊंनी स्वतःचा पाइप खिशात ठेवला, दुसरा डोळ्यांजवळ नेला, नळीवरून अंगठा फिरवला. मग खाली ठेवून म्हणाले, "झूठ."

"मतलब?"

"कड़क आदमी दाँत दबाता है, भैया. इस पर एक निशान नहीं है. इस आदमी ने जिंदगी में किसी को डाँटा नहीं."

गादीच्या कोपऱ्यात दुकानदाराची म्हातारी आई माळ ओढत बसली होती. माळ थांबली. "सही बोल रहे हैं," ती म्हणाली. "बाज़ार मुझसे काँपता था. वो तो बेचारे पाइप के पीछे छुपते थे."

मग म्हातारी बोलत राहिली. नवरा पालीला कसा भ्यायचा, उधारी मागायला गेला की चहा पिऊन परत कसा यायचा, हिशेब करताना हळूच काय गुणगुणायचा. दुकानदार हातात मीटरपट्टी घेऊन ऐकत उभा. बापाविषयीच्या या गोष्टी त्यानं पहिल्यांदाच ऐकल्या असाव्यात. माझं कापड न कापता तसंच पडून होतं. शेवटी भाऊंनी विचारलं, "हाँ, अब दाम बोलो." दुकानदारानं पाइप उचलला, ड्रॉवर उघडला, परत लावला, आणि वर बाबूजींच्या तसबिरीखालच्या फळीवर पाइप ठेवला. "नहीं अंकल. ये रहने दो."

परतताना मी म्हणालो, "भाऊ, हातचा गेला ना."

"गेला कुठी? घरी गेला." इतके खूश मी त्यांना एखादा पाइप मिळाल्यावरही पाहिलेलं नाही.

अशा रीतीनं भाऊंच्या संग्रहातले बरेच उत्तम पाइप त्यांच्या संग्रहात नाहीत.

सिलतऱ्याचीही एक गंमत. तिथल्या एका लोखंडी पाइपांच्या कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये कुणा जुन्या साहेबाचा पाइप पडून आहे अशी बातमी भाऊंना लागली. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून निघाले. गेटवर पोचेपर्यंत आम्ही दोघंही काळ्या धुळीनं सारखेच माखलेले. गार्डनं विचारलं, "क्या काम है?" भाऊ म्हणाले, "पाइप देखना है." त्यानं तत्परतेनं सेल्स ऑफिसचा रस्ता दाखवला, आणि तिथल्या तरुणानं आम्हाला थंड पाणी देऊन किती इंची हवा, किती टन हवा हे विचारलं. भाऊंनी तोंडातला काढून दाखवला, "असा." तो तरुण अजूनही आमच्याकडे संशयानं पाहत असेल.

गेस्ट हाउसच्या खानसाम्यानं पाइप शोधून दिला, पण माणूस सांगता येईना. "कोई साहब थे. तबादला हुआ, छोड़ गए." नियमाप्रमाणे भाऊंनी तो ठेवून यायला हवा होता. त्यांनी तो हातात घेतला, फिरवला, ठेवला, पुन्हा घेतला. "डावखुरा आहे. घाईचा आहे. आन झोपतानाई तोंडात ठेवत असन, पाहा नं, खालच्या बाजूनं दात आहे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इथं कोण याले ओळखते? येऊ द्या सोबत. नाव मंग शोधू." नाव शोधायला कित्येक महिने लागले. जुने टेलिफोन नंबर, निवृत्त लोकांच्या बैठका, कुणाच्या तरी साडूचा मेहुणा. अखेर साहेबाचं नाव मिश्रा निघालं. भाऊंनी मला फाटकातूनच ओरडून सांगितलं, "मिश्राजी आहेत आपले!"

त्यानंतरच्या आठवड्यात माझी बायको वंदना काळजीत दिसली. "भोयर काकांकडे कुणी आजारी पाहुणे आलेत का हो?"

"का?"

"सकाळी अंगणात म्हणत होते, मिश्राजींचा घसा साफ करून राहिलो, आतून लय घाण निघाली. काल म्हणाले, आज मिश्राजींले तेल लावून उन्हात ठेवतो. एकट्यानं कसं करत असतील म्हाताऱ्या माणसाचं?" आणि मी काही सांगायच्या आत तिनं दोघांपुरती मुगाची खिचडी, वर कढी, असा डबा पाठवूनही दिला होता. संध्याकाळी भाऊ रिकामा डबा घेऊन आले. "वैनी, मिश्राजींले आवडली. जरा मीठ कमी म्हणत होते."

नव्या पाइपांशी मात्र भाऊंचं जमत नाही. कुतूहल म्हणून एकदा इंटरनेटवरून एक मागवला. मखमली पिशवी, पेटी, प्रमाणपत्र, सगळं आलं. दोन दिवसांत परत पाठवला. विकणाऱ्यानं अभिप्राय मागितला तेव्हा भाऊंनी मला टाइप करायला लावलं: "लाकूड चांगले. आत माणूस नाही." नंतर जावयानं परदेशातून एक सुंदर, लालसर झाक असलेला नवा पाइप आणला. जावयाची भेट परत पाठवता येत नाही. भाऊंनी तो शेल्फाच्या टोकाला ठेवला. "राहू द्या. चार लोकांत बसन तं शिकन काहीतरी." जाता-येता ते त्याच्याकडे पाहायचे, लग्नाच्या पंगतीत ओळख न पटलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यंदा गणपतीत मीनल आली ती ठरवूनच आली. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, दिवाळीनंतर हैदराबादला न्यायचं. भाऊ पटकन तयार झाले याचं तिलाही आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. तिची मुलगी पिहू रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर विचारते, "नानू, आज कौन-से अंकल?" भाऊ शेल्फावरून एक उचलतात आणि त्या माणसाची गोष्ट मराठीत सांगतात. ती मध्ये मध्ये हिंदीत शंका काढते. त्या पोट्टीनं बोलावलं असतं तर भाऊ दिवाळीपर्यंतही थांबले नसते.

अडचण दुसरीच होती. पिहूला दम्याचा त्रास आहे. मीनलनं मला मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीदार हवा म्हणून, आणि माझ्यासमोर वडिलांना विचारलं.

"बाबा, सरळ सांगा. ओढत नसाल तर पूरा शेल्फ नेते, माझ्या हॉलमध्ये लावते, रोज स्वतः पुसते. पण चोरून, कधीतरी, एखादासुद्धा ओढत असाल, तर एकही पाइप येणार नाही. सगळे कबाडीत."

"मी पाइप ओढत नाई."

"मग मागच्या वर्षी पितृपक्षात मी आले तेव्हा अंगणात तंबाखूचा वास कसला होता?"

"वाऱ्यानं आणला असन."

"कुठून?"

भाऊंनी हात मोघम आमच्या घराच्या दिशेनं केला. मीनल माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही?"

"मी सुपारीसुद्धा खात नाही," मी म्हणालो.

"बघा. बाबा, शपथ घ्या."

"शपथ नाई घेत मी."

"का?"

"एकदा घेतली होती. जमली नाई." एवढं बोलून भाऊ मिश्राजींना पुसायला लागले.

जाताना मीनलनं मला फाटकाबाहेर गाठलं. "काका, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. दिवाळीपर्यंत लक्ष ठेवा. वास आला तर मला कळवा. नाही आला तर तेही कळवा. पिहूसाठी मागते आहे."

पिहूसाठी म्हटल्यावर नाही म्हणता येईना. पण हे काम मला मुळीच आवडलं नाही. भाऊंनी पाइप बांधायला घेतले होते. काकूंच्या सुती साड्या फाडून एकेकाला गुंडाळत होते, आणि प्रत्येकाला सांगत होते, "हैदराबादले जायचं आहे. तिकडं ऊन थोडं कमी आहे म्हणे." आणि मी शेजारधर्माच्या नावाखाली त्यांच्या घरात नाक घेऊन फिरत होतो. खुंटीवरचा सदरा हुंगायचा, देवापुढची माचिस लवकर संपते का पाहायचं, चहाच्या कपात राख दिसते का पाहायचं. काही सापडत नव्हतं. एक दिवस भाऊंनी विचारलं, "लांजेवार, तुमाले सर्दी झाली काय? लय नाक ओढून राहिले."

सर्वपित्री अमावास्येला दुपारी मी गच्चीवर पान ठेवायला गेलो. खाली वंदनाच्या कढईत वडे तळले जात होते. गच्चीवर त्यांचा वास येत होता, आणि त्याच्या मागून दुसरा वास आला. उग्र, गावठी, घशात बसणारा. तंबाखू. भोयरांच्या मागच्या अंगणातून.

खरं सांगतो, मला राग आला नाही, वाईट वाटलं. शेल्फ डोळ्यांसमोर आलं, साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेली ती सगळी मंडळी कबाड्याच्या हातगाडीवर पडलेली दिसली. पण वास आला होता तो आला होता. मी खाली उतरलो आणि भाऊंच्या घरात शिरलो. पुढच्या खोलीत शेल्फ अर्धं रिकामं. उरलेले पाइप मी हात लावून पाहिले. सगळे थंडगार.

मागच्या अंगणात भाऊ उकिडवे बसले होते. तोंडात पाइप नव्हता. त्यांचा चेहरा मला एकदम अनोळखी वाटला, काहीतरी उघडं पडल्यासारखा. समोर विटेवर तरोईचं, म्हणजे दोडक्याचं, पान, त्यावर भात, आणि उडदाचे वडे, एकही गोल नसलेले. शेजारी पळसाच्या पानाची वळलेली पुंगळी, तिच्या तोंडातून धूर. भाऊंना जोराचा ठसका लागला होता. डोळ्यांतून पाणी.

"मी पाइप ओढत नाई म्हटलं होतं," ते ठसक्यातूनच म्हणाले. "ते खोटं नवतं. ही चोंगी आहे."

छत्तीसगढच्या गावांत जुन्या बाया पानाची अशी चोंगी करून ओढतात, हे मला माहीत होतं. मी रागवायचं ठरवून आत आलो होतो. पण इतक्या वर्षांच्या शेजारानं तोंडाला वळणच तसं पडलेलं. तोंडातून भलताच प्रश्न निघाला.

"कोणाची?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूचा पाट सरकवला. "बसा."

"आई गेली तवा मी लय लहान होतो. बाप रेल्वेत, आठ-आठ दिवस लाइनवर. क्वार्टरच्या मांगं पारा होता, म्हणजे वस्ती. तिथली सुकवारो आमच्याकडे भांडे घासाले येत होती. एक दिवस भांडे घासले आन जाताना मलेच काखेत मारून घेऊन गेली. तिच्या घरी बासी, रातचा पाण्यातला भात, खाल्ली, तिच्याच गोधडीत झोपलो. मी तिले दाई म्हणत होतो. इकडं दाई म्हणजे आईच. सांजच्याले ती उंबऱ्यावर बसून पान वळे, त्यात माखुर, म्हणजे तंबाखू, भरे, आन मले हाक मारे, 'ए बाबू, आगी लान तो.' मी चिमट्यात निखारा आणत होतो. निखारा ठेवला का पैला झुरका मीच ओढत होतो. पेटली पायजे नं. मंग तिच्या हातात देत होतो."

"एवढ्याशा पोरानं?"

"तुमी लेखा विभागासारखंच बोलून राहिले," भाऊ म्हणाले. "बाबांनंई तसंच म्हटलं. एक दिवस लवकर घरी आले, पाहिलं त्यायनं. दाईले जातीवरून काय काय बोलले ते सांगत नाई. मले पट्ट्यानं मारलं. म्हणे, घे आईची शपथ, तंबाखूले तोंड लावणार नाई. मी इचारलं, कोणत्या आईची?"

भाऊंनी खांदा चोळला. "तवा आणखी एक बसली."

आम्ही दोघंही हसलो.

"मले भंडाऱ्याले आजीकडे पाठवलं. नोकरी लागून वापस आलो तं पाराच नवता तिथं. कुठी गेली, कवा गेली, कोणालेच सांगता आलं नाई. फोटो नाई, तिथी नाई. चोंगी तं ओढली का राख होते. साहेब लोकायचे पाइप तरी उरतात, लांजेवार. ह्याचं काय ठेवान?" त्यांनी विटेकडे पाहिलं. "ज्याची तिथी माहीत नाई, त्याची सर्वपित्री. म्हणून आज. पैला झुरका माझा, मंग तिची. मीनूच्या आईले माहीत होतं. वडे तीच करत होती. मीनूले सांगायचं राहूनच गेलं. आन आता सांगाले गेलो तं म्हणन, पाइप वाचवाले गोष्ट रचली."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मीनल.

"काका, बाबा फोन उचलत नाहीत. पान वाढलं का विचारायचं होतं." मग आवाज खाली आला. "आणि ते दुसरं?"

भाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मला डोळ्यांनीसुद्धा काही सुचवलं नाही. नाही म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि सगळं शेल्फ हैदराबादला.

"वास येतो आहे," मी म्हणालो.

"म्हणजे ओढतात."

"एक झुरका ओढला आहे. पुढचं त्यांच्याकडून ऐक. मला अर्धं सांगता येत नाही." आणि मी फोन भाऊंच्या हातात दिला.

मला एकच बाजू ऐकू येत होती. "मीनू, ओरडू नको… हव, ओढली… नाई, पाइप नाई… अवो, ऐक तं." मग भाऊंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"मीनू, तुले एक आजी सांगायची राहिली."

मी उठलो. घरच्या गोष्टीत तिसऱ्यानं बसू नये. दारातून मागे पाहिलं तेव्हा पळसाचं पान देठापर्यंत जळून आलं होतं, आणि भाऊ फोनमध्ये सांगत होते, "उंच नवती. पण आवाज असा का अख्ख्या पाऱ्यात जाये."

दुसऱ्या दिवशी मीनलचा मला फोन आला. फोन बाबांना द्या म्हणाली नाही, शेल्फाविषयीही बोलली नाही. रडून झाल्यावरचा आवाज होता. तिनं विचारलं, "काका, हैदराबादमध्ये पळसाची पानं कुठे मिळतील? आमच्या गच्चीवर पेटवू, पिहूला खाली ठेवून." मी चौकशी करून कळवतो म्हणालो, आणि कळवलंही.

दिवाळीनंतर ती स्वतः ट्रक घेऊन आली. शेल्फाचं एक टोक तिनं धरलं, एक मी. भाऊ फाटकाशी उभे राहून सूचना देत होते, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पाइप. सगळं चढल्यावर त्यांनी खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. जावयानं आणलेला तो लालसर नवा पाइप.

"याले अजून माणूस मिळाला नाई," ते म्हणाले. "तुमी ठेवा."

"भाऊ, मी काय करू याचं? मी ओढत नाही."

"मी काय ओढून राहिलो होतो?"

शेजारचं घर आता बंद असतं. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन व्हरांड्यात बसतो, आणि पाइप तोंडात धरतो. पेटवत नाही. वंदना म्हणते, तुम्ही अगदी भोयर काकांसारखे दिसता. मी तिला चष्म्याचं उत्तर देतो. परवा सहज उजेडात धरून पाहिला. नळीवर, खालच्या बाजूला, दातांचा एक बारीकसा ठसा दिसायला लागला आहे.